सोव्हिएत युद्धपदके आणि त्यांमागील सैनिकांचा शोध : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाने आपल्या सैनिकांना दिलेल्या अनेक पदकांवर सैनिकाचे नाव नसून केवळ एक क्रमांक आहे. या क्रमांकाच्या आधारे दप्तरखान्यातील नोंदींपर्यंत आणि तेथून सामान्य सैनिकापर्यंत कसे पोहोचता येते, या नोंदी इतिहासाची साधने म्हणून कितपत विश्वसनीय आहेत आणि त्यांतून कोण वगळले जाते, यांचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे. पदक ही शोभेची वस्तू नसून तो एक दस्तऐवज आहे, अशी या निबंधाची भूमिका आहे.

बीजशब्द : सोव्हिएत संघ, युद्धपदके, शिफारसपत्र, दप्तरखाना, सामान्य सैनिक, साधनचिकित्सा.

प्रस्तावना

युद्धांचा इतिहास प्रदीर्घ काळ राज्यकर्ते, सेनापती आणि तह यांच्याभोवती फिरत राहिला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'तळापासूनचा इतिहास' ही दृष्टी रुजली आणि शेतकरी, कामगार, स्त्रिया यांच्याप्रमाणेच सामान्य सैनिकही अभ्यासाचा विषय झाला. परंतु सामान्य सैनिक स्वतःविषयी फारसे लिहून ठेवत नाही. त्याच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा त्याच्या वरिष्ठाने, सरकारी नमुन्यात आणि सरकारी कारणासाठी लिहिलेले असते. अशा कागदांतून माणूस कसा वाचावा, हा इतिहासाच्या अभ्यासकापुढील कठीण प्रश्न होय.

२२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले आणि ९ मे १९४५ पर्यंत हे युद्ध चालले. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिकृत आकडेवारीनुसार सोव्हिएत सैन्याची मनुष्यहानी सुमारे ८६ लाख ६८ हजार इतकी होती. नागरिक धरून एकूण मनुष्यहानी सुमारे २ कोटी ६६ लाख मानली जाते. एवढ्या प्रचंड आकड्यापुढे व्यक्ती दिसेनाशी होते. ती पुन्हा दृष्टीस पडावी यासाठी जी थोडी साधने उपलब्ध आहेत, त्यांत युद्धपदके व त्यांच्याशी निगडित कागदपत्रे यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

संशोधनाची उद्दिष्टे

१. सोव्हिएत युद्धकालीन सन्मानव्यवस्थेचा थोडक्यात परिचय करून घेणे.
२. पदकाच्या क्रमांकावरून सैनिकाचा शोध घेण्याची पद्धती समजून घेणे.
३. शिफारसपत्र या साधनाचे चिकित्सक मूल्यमापन करणे.
४. या अभ्यासपद्धतीचा भारतीय संदर्भ तपासणे.

संशोधन पद्धती व व्याप्ती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. अभ्यासाचा कालखंड १९४१ ते १९४५ असून मुख्य भर भूदलावर आहे. नौदलाचा उल्लेख तुलनेपुरता केला आहे. उदाहरणे म्हणून केवळ सार्वजनिक नोंदीत असलेल्या व्यक्तींचाच निर्देश केला आहे.

विषय विवेचन

१. सन्मानव्यवस्थेची जडणघडण

सोव्हिएत सन्मानचिन्हांचे दोन ठळक वर्ग पडतात. पहिला वर्ग 'ऑर्डर' म्हणजे उच्च श्रेणीच्या सन्मानचिन्हांचा आणि दुसरा पदकांचा. रेड बॅनर हे सन्मानचिन्ह क्रांतीनंतर लगेचच, १९१८ मध्ये, अस्तित्वात आले. लेनिन व रेड स्टार ही सन्मानचिन्हे १९३० मध्ये, तर 'शौर्याबद्दल' आणि 'युद्धातील कामगिरीबद्दल' ही दोन पदके १९३८ मध्ये सुरू झाली. युद्धाच्या रेट्यात या व्यवस्थेचा झपाट्याने विस्तार झाला. मे १९४२ मध्ये 'देशभक्तिपर युद्ध' हे सन्मानचिन्ह निघाले. जुलै १९४२ मध्ये सुवोरोव्ह, कुतुझोव्ह आणि अलेक्झांडर नेव्हस्की यांच्या नावाची सन्मानचिन्हे निर्माण झाली. ज्या राजवटीने जारकालीन वैभवचिन्हे मोडीत काढली होती तिनेच संकटकाळी जुन्या रशियाच्या सेनानींची नावे पुन्हा उच्चारावीत, ही गोष्ट बोलकी आहे. नोव्हेंबर १९४३ मध्ये आलेले 'ग्लोरी' हे सन्मानचिन्ह प्रामुख्याने शिपाई व सार्जंट यांच्यासाठी होते. त्याच्या तीन श्रेणी असून त्या खालून वर क्रमानेच मिळत. तिसरी श्रेणी सुमारे दहा लाख वेळा दिली गेली, तर तिन्ही श्रेणी मिळवणारे सुमारे अडीच हजारांहून थोडे अधिक होते. त्यांत स्त्रिया केवळ चार होत्या.

पदके देण्याचा अधिकार कोणाला होता, हा प्रश्न संशोधनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. युद्धारंभी हा अधिकार मॉस्कोतील सर्वोच्च सोव्हिएतच्या अध्यक्षमंडळाकडे एकवटलेला होता. ऑक्टोबर १९४१ मध्ये तो आघाड्यांच्या लष्करी मंडळांना आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये थेट डिव्हिजन, ब्रिगेड व रेजिमेंट यांच्या प्रमुखांपर्यंत खाली देण्यात आला. रेजिमेंटचा प्रमुख स्वतःच्या आदेशाने वरील दोन पदके देऊ लागला. परिणामी सन्मान लवकर मिळू लागले, त्यांची संख्या वाढली आणि त्याबरोबरच कागदपत्रांचे स्वरूपही बदलले.

२. क्रमांकाकडून नावाकडे

पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश युद्धपदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असे. त्यामुळे सातारा वा रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या घरात असे पदक मिळाल्यास ते कोणाचे हे पदकच सांगते. सोव्हिएत पदकाची रीत वेगळी आहे. त्याच्या मागील बाजूस केवळ अनुक्रमांक असतो. पदक हाती असते, परंतु माणूस दप्तरखान्यात असतो.

या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे सन्मानित व्यक्तीचे नोंदणीपत्रक. सैनिकाला तात्पुरत्या प्रमाणपत्राऐवजी कायमची सन्मानपुस्तिका देताना हे पत्रक भरले जाई. त्यात नाव, जन्मवर्ष, जन्मस्थान, हुद्दा, मिळालेले सर्व सन्मान आणि त्यांचे क्रमांक एकत्र नोंदलेले असत. क्रमांकावरून पत्रक सापडले की नाव मिळते, नावावरून सन्मानाचा आदेश मिळतो आणि आदेशावरून शिफारसपत्रापर्यंत जाता येते. शिफारसपत्रावर सहसा पदकाचा क्रमांक नसतो. म्हणूनच मधला दुवा निखळला तर पदक आणि माणूस यांची गाठ पडत नाही.

भूदल व हवाई दल यांची युद्धकालीन कागदपत्रे मॉस्कोजवळील पोदोल्स्क येथील संरक्षण मंत्रालयाच्या केंद्रीय दप्तरखान्यात आहेत. रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने २००७ पासून मृत व बेपत्ता सैनिकांच्या, २०१० पासून सन्मानांच्या आणि २०१५ पासून या दोन्हींसह युद्धदैनंदिन्यांच्या नोंदी संगणकीय रूपात खुल्या केल्या. त्यामुळे पूर्वी ज्या कामासाठी दप्तरखान्याची पायरी चढावी लागे त्यातील बराच भाग आता दुरूनही करता येतो.

तथापि सर्वच पदके या मार्गाने बोलती होत नाहीत. 'लेनिनग्राडच्या रक्षणाबद्दल', 'स्टॅलिनग्राडच्या रक्षणाबद्दल' किंवा 'जर्मनीवरील विजयाबद्दल' या पदकांवर क्रमांकच नसतात. ती लाखोंच्या संख्येने दिली गेली. सोबतचे प्रमाणपत्र हरवले असल्यास अशा पदकाचा धनी शोधणे जवळजवळ अशक्य होते. क्रमांक असला तरी त्याच्या चढत्या क्रमावरून सन्मानाची तारीख काढणेही धोक्याचे आहे, कारण पदकांचे गठ्ठे निरनिराळ्या आघाड्यांवर पाठवले जात आणि ते आपापल्या गतीने वाटले जात. हरवलेल्या सन्मानचिन्हाऐवजी दिलेल्या प्रतीवर 'प्रत' दर्शवणारे अक्षर असे, हेही लक्षात ठेवावे लागते.

३. शिफारसपत्र : एका आयुष्याचा सरकारी आराखडा

शिफारसपत्र हा या संशोधनाचा गाभा होय. त्यात नाव, वडिलांच्या नावावरून आलेले मधले नाव, हुद्दा, पलटण, जन्मवर्ष, राष्ट्रीयत्व, पक्षसदस्यत्व, पूर्वीच्या युद्धांतील सहभाग, जखमा, कोणत्या भरती कार्यालयातून भरती झाली, पूर्वीचे सन्मान आणि घरचा पत्ता हे रकाने असत. त्याखाली कामगिरीचे थोडक्यात वर्णन आणि वरिष्ठांचे शेरे असत. एका पानात एका माणसाचा सामाजिक आराखडाच उभा राहतो. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यातून रशियन, युक्रेनियन, कझाक, तातार, ज्यू, जॉर्जियन अशा बहुभाषिक सैन्याचे दर्शन घडते. मे १९४४ मध्ये क्रिमियन तातारांना सामूहिकरीत्या हद्दपार करण्यात आले. त्याच वेळी त्या समाजाचे सैनिक आघाडीवर लढत होते आणि त्यांची नावे सन्मानांच्या नोंदींत आहेत. एकाच राज्यसंस्थेच्या दोन कागदांमधील हा विरोध शिफारसपत्रातील एका शब्दामुळे उघडा पडतो.

निना पेत्रोव्हा यांचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. १८९३ मध्ये जन्मलेल्या या स्त्रीने युद्धात निष्णात नेमबाज म्हणून काम केले. 'ग्लोरी'च्या तिन्ही श्रेणी मिळवणाऱ्या चार स्त्रियांपैकी त्या एक होत. सेनापती फेद्युनिन्स्की यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे की, पेत्रोव्हा यांच्या शिफारसपत्रावर सही करताना पन्नाशी ओलांडलेले वय पाहून त्यांना ती टंकलेखकाची चूक वाटली होती. चूक नव्हती. मे १९४५ च्या आरंभी, विजयाला अवघे काही दिवस उरले असताना, पेत्रोव्हा यांचा अपघाती मृत्यू झाला आणि पहिली श्रेणी त्यांना मरणोत्तर मिळाली. जन्मवर्षाचा एक रकाना सेनापतीला थांबवतो, तर अभ्यासकाने तेथे थांबलेच पाहिजे.

रेजिमेंटच्या आदेशाने दिलेल्या पदकांसाठी पुष्कळदा स्वतंत्र शिफारसपत्र आढळत नाही. आदेशातच प्रत्येक सैनिकापुढे एक-दोन ओळी असतात. तोफगोळ्यांच्या माऱ्यात तुटलेली दूरध्वनीची तार जोडणे, तोफेपर्यंत गोळे पोहोचवणे किंवा जखमीला मागे आणणे अशा कामांच्या त्या नोंदी असतात. या ओळी थोडक्या असल्या तरी युद्ध प्रत्यक्षात कशा श्रमांवर चालते याचा त्या भक्कम पुरावा आहेत.

४. साधनांची चिकित्सा

शिफारसपत्र हे सन्मान मिळवून देण्यासाठी लिहिलेले असते, ही गोष्ट अभ्यासकाने विसरता कामा नये. त्याची भाषा ठराविक असते आणि त्यातील आकडे नियमांशी जुळवलेले असू शकतात. ऑगस्ट १९४१ च्या एका आदेशाने जखमींना शस्त्रासह रणांगणाबाहेर आणणाऱ्या वैद्यकीय सेवकांसाठी मापदंड ठरवून दिले होते. पंधरा जखमींसाठी पदक, पंचवीससाठी रेड स्टार, चाळीससाठी रेड बॅनर आणि ऐंशीसाठी लेनिन सन्मानचिन्ह असे ते प्रमाण होते. एखाद्या शिफारसपत्रात नेमके पंचवीस वा चाळीस जखमी वाचवल्याची नोंद असेल, तर तो आकडा प्रत्यक्ष मोजणीचा की मापदंडाचा, असा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते. हा प्रश्न विचारल्याने त्या सेवकाचे धैर्य उणे होत नाही, फक्त आपल्या विधानाला मर्यादा पडते.

दुसरा मुद्दा शिफारस आणि प्रत्यक्ष सन्मान यांतील अंतराचा आहे. ३० जानेवारी १९४५ रोजी 'विल्हेल्म गुस्टलॉफ' हे जहाज बुडवणाऱ्या पाणबुडीचे प्रमुख अलेक्झांडर मारिनेस्को यांची 'सोव्हिएत संघाचा वीर' या किताबासाठी शिफारस झाली होती. शिस्तभंगाच्या कारणामुळे त्यांना त्याऐवजी रेड बॅनर मिळाले आणि तो किताब १९९० मध्ये मरणोत्तर देण्यात आला. या जहाजावर हजारो निर्वासित होते. त्यामुळे सन्मान कशाचा आणि कोणाच्या दृष्टीने, हाही प्रश्न येथे उभा राहतो.

तिसरा मुद्दा रचलेल्या वीरकथांचा आहे. नोव्हेंबर १९४१ मध्ये मॉस्कोजवळ दुबोसेकोवो येथे पानफिलोव्ह यांच्या डिव्हिजनमधील २८ सैनिकांनी शत्रूचे रणगाडे रोखताना प्राणार्पण केले, अशी कथा लष्करी वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाली आणि जुलै १९४२ मध्ये त्या २८ जणांना 'वीर' हा किताब मरणोत्तर मिळाला. प्रत्यक्षात त्यांतील काही जण जिवंत होते. १९४८ मध्ये लष्करी सरकारी वकिलांच्या अहवालाने ही कथा पत्रकाराची रचना असल्याचा निष्कर्ष काढला. तो गुप्त ठेवण्यात आला आणि २०१५ मध्ये रशियाच्या राज्य दप्तरखान्याने तो उघड केला. तेव्हा झालेला वादंग सर्वज्ञात आहे. त्या ठिकाणी लढाई झाली आणि माणसे मेली, हे खरे आहे. परंतु सन्मानाचा आदेश हा घटनेचा पुरावा असतोच असे नाही.

चौथा मुद्दा अधिक साधा, परंतु नवख्या अभ्यासकाला हमखास चकवणारा आहे. जून १९४४ पासून दीर्घ सेवेबद्दलही लढाऊ सन्मान दिले जाऊ लागले. दहा वर्षांच्या सेवेला 'युद्धातील कामगिरीबद्दल' हे पदक, पंधराला रेड स्टार आणि वीसला रेड बॅनर मिळे. त्याचप्रमाणे १९८५ मध्ये विजयाच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त हयात माजी सैनिकांना 'देशभक्तिपर युद्ध' हे सन्मानचिन्ह सरसकट देण्यात आले. म्हणून रेड स्टार दिसताच त्यामागे रणांगणातील पराक्रम गृहीत धरणे चुकीचे ठरते. यासाठी सन्मानाची नोंद पलटणीची युद्धदैनंदिनी, हानीचे अहवाल आणि नकाशे यांच्याशी ताडून पाहणे अत्यावश्यक आहे.

५. ज्यांना पदक मिळाले नाही

पदकांवर आधारलेल्या इतिहासाची सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे तो वाचलेल्यांकडे झुकतो. १९४१ मध्ये दिलेल्या सन्मानांची संख्या काही दशसहस्रांपलीकडे गेली नाही, तर १९४४ आणि १९४५ या प्रत्येक वर्षी ती दशलक्षांच्या घरात होती. सर्वाधिक विपरीत परिस्थितीत लढलेले १९४१ चे सैनिक बहुधा पदकाविनाच मेले किंवा शत्रूच्या हाती सापडले. त्यांची शिफारस करणारे अधिकारी आणि शिफारसीचे कागदही त्यांच्याबरोबरच नष्ट झाले. युद्धात सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिक कैद झाले आणि त्यांतील सुमारे ३३ लाख मरण पावले, असा इतिहासकारांचा एक अंदाज आहे. ऑगस्ट १९४१ च्या आदेश क्रमांक २७० नुसार शरणागती हा देशद्रोह मानला गेल्याने परतलेल्या कैद्यांकडेही संशयाने पाहिले गेले. त्यामुळे पदकांचा अभ्यास करताना पदकांच्या यादीत नसलेल्या माणसाचे भान सतत ठेवावे लागते.

६. मातीतील क्रमांक

या विषयाला केवळ संग्रहाचे नव्हे, तर मानवी मोल आहे, हे शोधपथकांच्या कामावरून स्पष्ट होते. सोव्हिएत सैनिकाजवळ ओळखीसाठी एक लहान कुपी असे आणि तीत नाव-गाव लिहिलेली कागदाची चिठ्ठी असे. नोव्हेंबर १९४२ मध्ये ही कुपी रद्द करण्यात आली. त्यानंतर ओळख केवळ कागदी सैनिकपुस्तिकेवर अवलंबून राहिली, आणि मातीत कागद टिकत नाही. स्वयंसेवी शोधपथके आजही जुन्या रणभूमीवर सैनिकांचे अवशेष शोधतात. अशा अवशेषांसोबत 'शौर्याबद्दल' हे चांदीचे पदक मिळाले, तर त्यावरील क्रमांकावरून त्या सैनिकाचे नाव कळू शकते आणि इतकी वर्षे 'बेपत्ता' असलेला माणूस आपल्या नावाने पुरला जातो. दप्तरखान्यातील एक पत्रक आणि चांदीच्या तुकड्यावरील काही आकडे यांच्या जुळणीतून एखाद्या कुटुंबाला आपल्या माणसाची जागा सापडते, याहून या संशोधनाचे वेगळे समर्थन देण्याची गरज नाही.

७. संग्रह आणि नीती

१९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाल्यानंतरच्या आर्थिक ओढगस्तीत अनेक माजी सैनिकांनी व त्यांच्या वारसांनी पदके विकली आणि ती जगभर पसरली. त्यापूर्वीही, १९४८ च्या आरंभापासून, सन्मानांबरोबर मिळणारी रोख रक्कम बंद झाली होती. म्हणजे पदकाचे राज्याने ठरवलेले मोल घटले आणि पुढे बाजाराने त्याचे वेगळे मोल ठरवले. रशियाच्या दंडसंहितेतील कलम ३२४ नुसार अशा राज्य सन्मानांची बेकायदा खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. परदेशातील संग्राहकांनी केलेल्या शोधामुळे अनेक सैनिकांची चरित्रे उजेडात आली, हे मान्य करावे लागेल. परंतु कथा जोडली की पदकाची किंमत वाढते, हेही तितकेच खरे आहे. एकाच सैनिकाचे सन्मान सुटे करून विकले गेले की त्याचे चरित्रही विखुरते. म्हणून अभ्यासकाने पदकसंच एकत्र राखणे, माहितीचा उगम नोंदवणे आणि कुटुंबीयांचा खासगीपणा जपणे या तीन गोष्टी पाळल्या पाहिजेत.

८. भारतीय संदर्भ

या विषयाचा भारताशी एक थेट धागा आहे. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटन व सोव्हिएत संघ यांनी इराणमध्ये सैन्य उतरवल्यानंतर इराणच्या आखातातून सोव्हिएत संघाला रसद पोहोचवण्याचा मार्ग खुला झाला. या मार्गावर रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या तुकड्यांनी काम केले. या कामगिरीबद्दल सुभेदार नारायण राव निक्कम आणि हवालदार गजेंद्र सिंह यांना १९४४ मध्ये रेड स्टार हे सोव्हिएत सन्मानचिन्ह देण्यात आले. २०२० मध्ये मॉस्कोजवळील सैन्यदलांच्या स्मारक-संग्रहालयात त्यांच्या नावांचा समावेश झाला. 'निक्कम' हे नाव वाचताच मराठी वाचक त्यांना सहज महाराष्ट्रातले मानील, परंतु उपलब्ध नोंद त्यांना तमिळनाडूचे म्हणते. नावावरून प्रांत ठरवू नये, हा धडा येथेही मिळतो. शस्त्र चालवून नव्हे, तर रसद वाहून मिळालेला हा सन्मान युद्धातील श्रमाचे महत्त्वही अधोरेखित करतो.

निष्कर्ष

१. क्रमांकित सोव्हिएत पदक हे वस्तू आणि दस्तऐवज यांना जोडणारे साधन असून नोंदणीपत्रक हा त्यातील निर्णायक दुवा आहे.

२. नोव्हेंबर १९४२ मध्ये सन्मानाचे अधिकार खालच्या स्तरावर दिले गेल्यामुळे सामान्य सैनिकाची नोंद मोठ्या प्रमाणावर निर्माण झाली.

३. शिफारसपत्र हे एकट्याने पुरेसे साधन नाही. मापदंड, दीर्घ सेवेचे सन्मान आणि प्रचारकथा यांमुळे त्याची अन्य साधनांशी पडताळणी अनिवार्य ठरते.

४. पदकांचा इतिहास वाचलेल्यांकडे झुकतो. १९४१ चे मृत आणि युद्धकैदी यांच्यासाठी अन्य साधनांकडे वळावे लागते.

५. आपल्याकडेही ही पद्धती उपयुक्त आहे. साताऱ्याजवळील अपशिंग्यासारखी सैनिकी परंपरेची गावे महाराष्ट्रात आहेत. पहिल्या महायुद्धास गावातून किती माणसे गेली याचे शिलालेख कित्येक गावांत उभे आहेत. त्यांवर बहुधा आकडा आहे, नावे नाहीत. घरोघरी जपलेली, कडेवर नाव कोरलेली पदके एकत्र नोंदवली, तर त्या आकड्यांमागील माणसे पुन्हा ओळखता येतील. महाविद्यालयीन स्तरावर विद्यार्थ्यांच्या साहाय्याने हे काम करता येण्याजोगे आहे. मात्र आजी-आजोबांच्या पिढीबरोबर त्या पदकांमागील आठवणीही जात आहेत. ते काम करायचे, तर फार काळ थांबून चालणार नाही.